जागत्या नजरेची नोंद

‘इंटेन्सिव्ह केअर युनिट’ला ‘अतिदक्षता विभाग’ हे नाव मराठीत रूढ झाले, तेव्हा त्या जागेचे मर्म नेमके पकडले गेले. इंग्रजी नावाचा भर उपचारांच्या तीव्रतेवर आहे, मराठी नावाचा जागेपणावर. ‘दक्ष’ या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात. शाळेच्या मैदानावर ‘दक्ष’ म्हटले की मुले ताठ उभी राहतात, तो सावधपणाचा अर्थ. आणि संस्कृतातून आलेला जुना अर्थ आहे कामात निपुण. सावध आणि निपुण, दोन्ही एकाच वेळी आणि अष्टौप्रहर. या विभागात व्हेंटिलेटर असतो, मॉनिटर असतो, थेंबाथेंबाने औषध सोडणारे सिरिंज पंप असतात. पण यांपैकी एकही वस्तू दक्ष नसते. यंत्र आकडा दाखवते, फार तर ओरडते. त्या ओरडण्याचा अर्थ लावणारे माणूस खाटेजवळ उभे असते, आणि चोवीस तासांतला बहुतेक काळ ते माणूस म्हणजे परिचारिका असते. रुग्णालयात आपण तिला ‘सिस्टर’ म्हणतो, पुरुष असेल तर ‘ब्रदर’. डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, आदेश लिहितात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. आदेश लिहिल्यापासून पुढच्या राउंडपर्यंत रुग्णाच्या देहात जे घडते, ते सर्वांत आधी तिच्या नजरेला पडते. या परिचारिकांमधली श्रेष्ठता आणि नेतृत्व कसे ओळखावे, हा या लेखनाचा विषय आहे. त्यामागची भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. परिचारिकांच्या त्यागाचे कौतुक आपण भरपूर केले, त्यांच्या निर्णयशक्तीची नोंद मात्र क्वचितच घेतली. रुग्ण वाचण्यात या निर्णयशक्तीचा वाटा फार मोठा आहे. म्हणून गौरव करायचा तर तिचा करावा, आणि गौरवाच्या पाठोपाठ अधिकारही द्यावा.

अतिदक्षता विभागाचा इतिहास या भूमिकेला आधार देतो. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना शुद्धीवर येईपर्यंत वेगळ्या खोलीत, सतत नजरेखाली ठेवावे, हा विचार फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मांडला होता. त्याला आजचे रूप आले ते १९५२ सालच्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीनंतर. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक येत होते. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छिद्र पाडून, नळी बसवून, हाताने पिशवी दाबत फुप्फुसात हवा भरण्याचा मार्ग सुचवला. सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्‌महिने त्या पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच गंभीर रुग्णांसाठी कायमचा विभाग उघडला. वैद्यकाचा इतिहास ही कथा कृत्रिम श्वासाची म्हणून सांगतो. तिच्यात दुसरी एक गोष्ट दडलेली आहे: ज्या रुग्णाची अवस्था तासातासाला बदलते, त्याच्याजवळ तासातासाला बदल ओळखणारे कोणीतरी हवे. पिशवीची जागा पुढे यंत्राने घेतली, पण जवळ असण्याची जागा यंत्राला घेता आली नाही. अतिदक्षता विभागाचा कणा परिचर्या आहे, ते असे.

मग या कामातली श्रेष्ठता दिसते कशात? अमेरिकी अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यांच्या मांडणीचे सार असे, की नवशिकी परिचारिका नियम पाळते आणि निष्णात परिचारिका परिस्थिती वाचते. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हातपाय झाडू लागला, तर नवख्या नजरेला तो फक्त ‘त्रास देणारा’ रुग्ण दिसतो आणि झोपेचे औषध वाढवावेसे वाटते. अनुभवी नजर आधी विचारते, नळीत कफ अडकला आहे का, नळी सरकली आहे का, मूत्राशय भरले आहे का, वेदना आहे का, की आजारामुळे बुद्धिभ्रम सुरू झाला आहे? उत्तरानुसार कृती बदलते: कधी सक्शन, कधी वेदनाशामक, कधी डॉक्टरांना तातडीचा फोन, आणि कधी हात हातात घेऊन ‘आजी, तुम्ही दवाखान्यात आहात, आज सोमवार आहे’ एवढे सांगणे. लघवीचे प्रमाण दोन तासांत घसरले, पावले गार पडली, कपाळावर बारीक घाम आला, रक्तदाबाचा आकडा मात्र अजून ठीक आहे. या चार गोष्टींची मोळी बांधून ‘हा रुग्ण घसरणीला लागला आहे’ असे म्हणणे हा निदानाचाच एक प्रकार आहे, त्याला नाव काहीही द्या. १९९० च्या सुमारास सिडनीतल्या लिव्हरपूल रुग्णालयात वॉर्डातल्या बिघडत्या रुग्णाकडे तातडीने धावून जाणारे पथक उभे राहिले. पथकाला हाक केव्हा द्यावी याच्या निकषांमध्ये नाडी, श्वास, रक्तदाब यांच्या आकड्यांबरोबर आणखी एक निकष आला: कर्मचाऱ्याला रुग्णाबद्दल काळजी वाटणे. परिचारिकेच्या मनातल्या पाल चुकचुकण्याला विज्ञानाने पुराव्याचा दर्जा दिला, म्हणून ही घटना मला फार मोलाची वाटते.

पुरावा फक्त तर्काचा नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांमधील दोन लाख बत्तीस हजारांहून अधिक शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडे सरासरीने एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली आढळली. २०१४ साली नऊ युरोपीय देशांतल्या अभ्यासात जवळजवळ तेच दिसले. शिवाय पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी कमी होती. हे अभ्यास सर्वसाधारण शस्त्रक्रियेच्या रुग्णांचे आहेत, आणि ते दाखवतात तो संबंध आहे, थेट कारण नव्हे, हे मान्यच. पण खास अतिदक्षता विभागातलाही दाखला आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, सेंट लुईसमधल्या एका चाचणीत, ठरलेल्या नियमावलीच्या चौकटीत झोपेचे औषध किती द्यायचे याचा निर्णय परिचारिकांकडे सोपवला गेला. ज्यांच्याबाबत हा अधिकार परिचारिकेकडे होता, त्या रुग्णांचा व्हेंटिलेटरवरचा मध्यक काळ सुमारे ५६ तास होता. इतरांचा ११७ तास. पुढे मेलबर्नमध्ये तशीच चाचणी झाली आणि तिथे काहीच फरक पडला नाही. वरवर पाहता हा पहिल्या निष्कर्षाला धक्का आहे. पण ऑस्ट्रेलियात प्रत्येक व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक प्रशिक्षित परिचारिका असण्याची रीत होती आणि असे निर्णय ती आधीपासूनच घेत होती. कागदावरची नियमावली तिला नवे काही देत नव्हती. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून वाचल्या, की जाणवते ते एवढेच: फरक पाडणारी गोष्ट कागद नव्हता, परिचारिकेच्या हाती असलेला निर्णय होता.

नेतृत्वाचाही असाच दाखला मिशिगन राज्यातून मिळतो. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, म्हणजे सेंट्रल लाइनमधून, रक्तात जंतू शिरणे हा या विभागांचा जुना शत्रू. डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच साध्या गोष्टींची यादी केली: हात धुणे, रुग्णाला पूर्ण झाकणारी निर्जंतुक चादर वापरणे, क्लोरहेक्झिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. याद्या सगळीकडेच असतात. इथला वेगळेपणा हा, की डॉक्टरने यातली पायरी वगळली तर, तातडीचा प्रसंग नसेल तेव्हा, त्याला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला गेला. १०३ विभागांची आकडेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णात नळी असलेला एक दिवस म्हणजे एक कॅथेटर-दिवस) संसर्गाचा मध्यक २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला आणि अठरा महिन्यांपर्यंत तिथेच राहिला. वयाने आणि मानाने मोठ्या सर्जनला ‘सर, थांबा, हात पुन्हा धुवा’ असे म्हणायला धैर्य लागते. त्या धैर्यामागे संस्था उभी आहे याची खात्रीही लागते. खाटेजवळचे नेतृत्व म्हणजे हेच. त्यासाठी खुर्ची लागत नाही, पण आपला शब्द खाली पडणार नाही असा विश्वास लागतो.

आता आपण गौरव कशाचा करतो ते पाहू. महाराष्ट्राच्या मनात सेवेची थोर प्रतिमा आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्या स्मृतीपुढे नतमस्तक व्हावे तेवढे थोडेच. पण व्यवसाय म्हणून परिचर्या उभी राहिली ती शिक्षणातून. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी ससून रुग्णालयात स्त्रियांना परिचर्येचे प्रशिक्षण मिळवून दिले, तेव्हा डोळ्यांसमोर ज्ञान आणि स्वावलंबन होते. पुढे सार्वजनिक बोलण्यातून ज्ञान मागे पडले आणि त्याग तेवढा उरला. नाइटिंगेल यांच्याबाबतही तेच झाले. हातात दिवा घेतलेली बाई सर्वांना आठवते. सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी आकृत्यांत मांडून सरकारला हलवणारी, लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची पहिली स्त्री सदस्य मात्र आठवत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी, १९७३ साली अमानुष हल्ल्याला बळी पडलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेची मनापासून वाखाणणी केली. लोकांनी तिच्याकडे माया म्हणून पाहिले, आणि माया होतीच. पण अंथरुणाला खिळलेल्या देहाला दशकानुदशके शय्याव्रणापासून जपणे हे केवळ मायेने होत नाही. त्यासाठी कुशीला वळवण्याची शिस्त लागते, त्वचेचा रंग वाचणारी नजर लागते, आहाराचे भान लागते, आणि परिचारिकांच्या एका पिढीकडून दुसरीकडे हे सारे न सांडता पोचवणारा हँडओव्हर लागतो. ते परिचर्याशास्त्रातले असामान्य यश होते. तसे म्हणून ते कितीजणांनी वाचले?

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि प्रसविकांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी, कोविडच्या साथीत, २२ मार्चला देशाने थाळ्या वाजवल्या आणि ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली. त्या भावनेत खोट नव्हती. पण सर्वांवर सारखी पडणारी फुले कोणाच्याच कामाची ओळख पटवत नाहीत. दुसरीकडे, काही अघटित घडले की परिचारिकेचे नाव लगेच सापडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण दगावले, तेव्हा अटक झालेल्यांत परिचारिकाही होत्या. दोष कोणाचा होता याचा निवाडा इथे करायचा नाही. मुद्दा असा, की जबाबदारी ठरवताना परिचारिकेला व्यक्ती म्हणून गाठले जाते आणि श्रेय देताना तिला ‘नर्सिंग स्टाफ’ या दोन शब्दांत गुंडाळले जाते. हा तराजू सरळ नाही.

जगात यावर काही विचार झाला आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या अतिदक्षता परिचारिकांच्या संघटनेने २००५ मध्ये निरोगी कार्यस्थळाची सहा मानके ठरवली: कुशल संवाद, खरे सहकार्य, परिणामकारक निर्णय, पुरेसे मनुष्यबळ, अर्थपूर्ण ओळख आणि सच्चे नेतृत्व. ‘ओळख’ इथे समारंभाची बाब राहत नाही, ती मनुष्यबळाच्या आणि निर्णयाधिकाराच्या पंक्तीला बसते. याच संघटनेचा ‘बीकन’ सन्मान एका व्यक्तीला न देता संपूर्ण विभागाला दिला जातो, आणि तोही ठरावीक मुदतीपुरता. मुदत संपली की पुन्हा कसोटी. ‘डेझी’ पुरस्कार याहून वेगळा. आजारात मुलगा गमावलेल्या एका कुटुंबाने त्याची सुरुवात केली, आणि त्यात रुग्ण व नातेवाईक आपल्या शब्दांत परिचारिकेचे नाव सुचवतात. शिवाय अतिदक्षतेतल्या ज्ञानाची परीक्षा घेऊन दिले जाणारे प्रमाणपत्र आहेच. म्हणजे तीन वेगळ्या नजरा झाल्या: व्यवसायाची, सहकाऱ्यांच्या गटाची आणि रुग्णाची. आपल्याकडे १९७३ पासून राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार दिला जातो आणि त्याचा मान मोठा आहे. पण देशभरातल्या लाखो परिचारिकांमधून मोजक्या जणींना, कारकिर्दीच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर मिळणारा सन्मान रोजच्या कामाची कसोटी होऊ शकत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला, हे योग्य दिशेचे पाऊल. मात्र शिकून आलेल्या व्यक्तीसाठी त्या नावाचे पद आणि अधिकार नसतील, तर पदवी भिंतीवर राहते. आपल्या सरकारी सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी शिडी आहे. ही शिडी चढणारी प्रत्येकजण रुग्णाच्या खाटेपासून एकेक पायरी दूर जाते. खाटेजवळ राहूनही वर जाता येईल अशी दुसरी शिडी आपण अजून बांधलेली नाही.

यावर आक्षेप आहेत, आणि त्यांतला पहिला सर्वांत वजनदार आहे. पगार अपुरा, पदे रिकामी, डबल ड्युटी चुकत नाही. अशा ठिकाणी पुरस्कार म्हणजे भुकेल्याला हार घालण्यासारखे नाही का? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने सुचवले, की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी सरकारी परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते वीस हजार रुपयांखाली असू नये. अशी शिफारस करावी लागली, यातच परिस्थिती कळते. हा आक्षेप मला मान्य आहे. वेतनाच्या बदल्यात ढाल देणे हा गौरव नाहीच. पण वेतन कमी का राहते, याचे एक कारण हे काम ‘सेवाभावाचे’ आणि म्हणून कोणीही करू शकेल असे मानले जाते, हेही आहे. कौशल्याची नेमकी नोंद होऊ लागली की वेतनाच्या मागणीला पुरावा मिळतो. त्यागाच्या कौतुकाने मागणी लाजते, कौशल्याच्या नोंदीने ती ताठ उभी राहते.

दुसरा आक्षेप असा, की अतिदक्षता हे संघाचे काम आहे. एकीला निवडले की बाकीच्या दुखावतात आणि पुढे पुढे करणारीच निवडली जाते. ही भीती खरी आहे, विशेषतः जिथे निवड एकट्या वरिष्ठाच्या मर्जीवर असते तिथे. म्हणूनच विभागाचा सन्मान आणि व्यक्तीचा सन्मान दोन्ही हवेत, आणि व्यक्तीच्या निवडीत तिच्याच पाळीतल्या सहकाऱ्यांचा शब्द हवा. रात्री तीन वाजता आपला रुग्ण कोसळला तर कोणाला हाक मारावीशी वाटते, हे प्रत्येक विभागातल्या प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असते. नेतृत्वाची याहून सच्ची मतमोजणी नाही. तिसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूने येतो: परिचारिकेला निर्णय दिले तर गोंधळ होईल, आणि कायदेशीर जबाबदारी अखेर आमच्यावर. मिशिगन आणि सेंट लुईसचे दाखले दाखवतात, की अधिकार चौकटीसह दिला तर गोंधळ वाढण्याऐवजी हानी कमी होते. चौथा आक्षेप उलट्या दिशेचा आहे: अधिकार कागदावर दिला तरी काय उपयोग? ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांत झालेल्या तातडीच्या पथकांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले आणि पथकांमुळे मृत्यू घटल्याचे सिद्ध झाले नाही. पण त्याच चाचणीत असेही दिसले, की निकषात बसणाऱ्या अनेक रुग्णांसाठी हाकच दिली गेली नव्हती. हाक देणाऱ्याला ‘उगाच बोलावलेस’ हे ऐकून घ्यावे लागणार असेल, तर निकष भिंतीवरच राहतात. चुकीची ठरलेली हाकसुद्धा योग्य होती, असे चारचौघांत सांगणे हा गौरवाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ प्रकार आहे.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा संमत केला, तो १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. शिक्षणाची आणि नोंदणीची घडी नव्याने बसत असताना श्रेष्ठतेची व्याख्याही नव्याने लिहिता येईल, आणि तिची सुरुवात कोणत्याही रुग्णालयाला उद्यापासून, एका कागदावर करता येईल. गौरवपत्रात आपण लिहितो: ‘सेवाभावी, मनमिळाऊ, सदा हसतमुख.’ हे कोणाबद्दलही लिहिता येते. त्याऐवजी असे लिहिलेले असावे: ‘रक्तदाब ठीक असतानाही पावले गार आणि लघवी कमी असल्याचे यांनी पहाटे ओळखले, डॉक्टरांना बोलावले, पहिल्यांदा नकार मिळाल्यावर पुन्हा बोलावले, आणि नव्या सहकारी सिस्टरला हे कसे ओळखले ते सकाळच्या हँडओव्हरमध्ये समजावून सांगितले.’ तासातासाला दुसऱ्याच्या देहाची नोंद लिहिणाऱ्या हातांबद्दल कोणीतरी लिहिलेली ही एवढी नोंद. तिच्यात दक्षतेचे दोन्ही अर्थ आहेत, सावधपण आणि निपुणता. आणि तिच्यातला शेवटचा अर्धा भाग, दुसरीला शिकवण्याचा, म्हणजे नेतृत्व आहे. एखादे गौरवपत्र वाचताना वाचकाने अशी नोंद शोधावी, आणि आपल्या माणसाला अतिदक्षता विभागातून घरी आणताना ती स्वतः लिहून त्या विभागाच्या हाती ठेवावी.